नवसाची दक्षिण भिंत

ज्ञानाला देशांच्या सीमा नसतात. गोवऱ्यांना असतात, हे निकिताला जर्मनीच्या विमानतळावर कळले. कारंज्याहून शिकायला निघालेल्या या मुलीच्या बॅगेत, स्वेटरांच्या घड्यांमध्ये, अकरा गोवऱ्या निघाल्या. अधिकाऱ्याने हातमोजे चढवले, एक गोवरी उजेडात धरून पाहिली आणि स्वेटर तेवढे परत दिले.

गोवऱ्या चतुराबाईंनी पाठवल्या होत्या, आपल्या हरीओमसाठी. रिसोडजवळच्या गावातून तो इंजिनिअरिंगचे पुढचे शिक्षण घ्यायला गेला, तो एक नवस मागे ठेवून. पोराचा व्हिसा आला तर त्याच्याच हातचे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, पाच जणांना जेवू घालीन, असे त्या देवाला बोलल्या होत्या. व्हिसा बुधवारी आला आणि विमान शुक्रवारी उडाले. त्यानंतर हरीओम एकाच विषयात दोनदा आपटला. तिसऱ्यांदा आपटला की विद्यापीठ नाव काढून त्याला घरी पाठवणार होते.

"नापास काहून होतं मंग?" चतुराबाईंनी फोनवर निदान केले. "नवस अडकून राह्यला ना!"

"माय, थो विषयच कठीण हाय."

"विषय सोपाच होता. देव रुसला म्हून कठीण झाला."

"बरं, ओव्हनमधे भाजतो रोडगे."

"ओव्हनात भाजलं त्याले बिस्कूट म्हंतात. गोवऱ्याचा जगरा पायजे, लाल इस्तवाचा. तोवर मी चहा सोडला."

मागून वडिलांचे, पुंजाजींचे, तोंड पडद्यात घुसले. "लेका, तिनं सोडला म्हून घरात चहाच होऊन नाई राह्यला. काई बी कर, पन लवकर कर."

परीक्षेला बारा दिवस होते. हरीओम सायकल काढून गावाबाहेरच्या गोठ्यावर गेला. शेतकऱ्याने दोन बादल्या शेण आणि पोतेभर भुसा दिला. कशाच्या प्रयोगासाठी हवे, एवढेच विचारले.

"ऊर्जेच्या," हरीओम म्हणाला. आणि हे खोटे नव्हते.

हॉस्टेलची दक्षिण भिंत दिवसभर उन्हात असे. पांढरीशुभ्र, लांबलचक आणि संपूर्ण रिकामी. अशी भिंत रिकामी ठेवणे वाशिम जिल्ह्यात कोणालाच जमले नसते. हरीओमने फोन खिडकीत उभा केला आणि बाह्या सारल्या.

"कुटार मिसळलं का?" चतुराबाईंनी विचारले.

"हो, भुसा टाकला."

"मंग थाप ना. हळू काहून मारून राह्यला? भिताडाले का दुखते?"

"माय, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे, शिकतीन. आन् थे पोळीवानी पातळ काय केली? जाड थाप!"

संध्याकाळपर्यंत तीस गोवऱ्या लागल्या. मुलगा इंजिनिअर असल्यामुळे ओळी सरळ होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्टेलची देखभाल पाहणारे म्युलरसाहेब आले. त्यांच्या नियमांच्या पुस्तकात सायकली, कुत्रे आणि ढोल यांची व्यवस्था होती.

"हे काय आहे?"

"इंधन," हरीओम म्हणाला.

"कशाचं?"

"गाईचं."

म्युलरसाहेबांनी भिंतीवरचे ठसे मोजले. बावीस वर्षांच्या नोकरीत गुन्हा करून त्यावर स्वतःची पाचही बोटे उमटवून ठेवणारा त्यांना कोणी भेटला नव्हता. याने तर तीसदा उमटवली होती.

दुपारी पत्र आले. परीक्षेच्या आदल्या सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा खोली सोडावी.

"माय, खोली गेली आता," हरीओमने फोन लावून सांगितले. "मंगळवारी पेपर, आन् सोमवारी मी रस्त्यावर."

"थ्या म्युलरले जेवाले सांगतलं का तू?"

"त्यानं मले नोटीस देल्ली!"

"म्हूनच तं. पाचवा मानूस भेटून नव्हता राह्यला ना तुले?"

हे खरे होते. निकिता आणि वर्गातले तिघे मिळून चारच होत होते.

रविवारी नदीकाठी, जिथे चूल पेटवायची परवानगी होती तिथे, गोवऱ्यांचा जगरा पेटला. म्युलरसाहेब आले, ते एका हातात वही आणि दुसऱ्या हातात पाण्याची बादली घेऊन. पहिला रोडगा त्यांनी तपासणी म्हणून खाल्ला. दुसरा खात्री म्हणून. तिसरा तुपात बुडवून, कोणतेही कारण न देता. वांग्याच्या भाजीने डोळ्यांतून धारा लागल्या, पण माणूस जागचा हलला नाही.

सोमवारचा खुलासा त्यांनीच सांगितला आणि हरीओमने लिहिला: 'स्वयंपाकाचे साहित्य तात्पुरते वाळत घातले होते.' खाली शिक्का बसला. अट एकच होती, महिनाअखेर भिंत धुऊन द्यायची.

महिनाअखेर हरीओम बादली आणि ब्रश घेऊन भिंतीपुढे उभा असताना फोनवर निकाल आला. त्याने ओल्या हातानेच घरी फोन लावला.

"माय, पास झालो! रोज चौदा तास बसलो होतो अभ्यासाले!"

पलीकडे चतुराबाईंच्या हातात कप होता. पुंजाजी बशीत फुंकर मारत होते.

"होशीनच ना," चतुराबाई म्हणाल्या. "व्हिसाचा नवस फिटला. आता परीक्षेचा राह्यला."

"परीक्षेचा?"

"थो अलग बोलली होती मी. एकवीस मानसं."

पुंजाजींनी बशीतला उरलेला चहा घाईघाईने संपवला. हरीओमने बादलीकडे पाहिले, मग भिंतीकडे.

"लेका," चतुराबाई म्हणाल्या, "एक काम करजो. भिताड एवढ्यात धू नोको."