थंड पाणी प्यायलं कोण?

तपासनीसांनी त्या दिवशी ऑफिसातून लवकर घरी जायचं ठरवलं. एवढं एकच चुकलं, बाकी सगळं त्यामागून आपोआप घडत गेलं.

विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचं त्यांचं काम. गाडी खरंच ठोकली की ठोकून घेतली, हे ते फोटोतला पोचा पाहून सांगत. त्यामुळे घरात दूध नासलं तरी त्यांना त्यात कोणाचा तरी हात दिसायचा. (दूध बहुतेक वेळा त्यांनीच बाहेर ठेवलेलं असे.)

दाराशी पोचले तर आतून हसणं ऐकू आलं. बाईचं, मोकळं, खळखळून. तपासनीस किल्ली धरून उभेच राहिले, कारण त्यांची बायको असं हसत नसे. दात सेन्सिटिव्ह. गार वारा लागला तरी कळ मस्तकात जायची, म्हणून पाणी कोमट, आइस्क्रीम बंद आणि हसायचं ते ओठ मिटून. तपासनीस रोज जेवताना विनोद सांगत. ऑफिसात हाताखालची माणसं त्याच विनोदांना टेबलं बडवत. बायको मात्र गालाला हात लावून नुसतं 'उं' म्हणे. बिचारीला हसताही येत नाही, म्हणून यांनाच भरून येई.

त्यांनी दार उघडलं. हसणं थांबलं.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही. ताईचा फोन होता."

टेबलावर ग्लास होता, बाहेरून घाम फुटलेला, तळाशी बर्फाचा तुकडा. बायको तर बर्फाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. मग थंड पाणी प्यायलं कोण? चपला शोधायच्या निमित्ताने ते पलंगाखाली वाकले, पडद्यामागे डोकावले, बाथरूमची खिडकी वितीने मोजून आले. (तिच्यातून मांजर गेलं असतं, तेही बारीक.)

"चपला तुमच्या पायातच आहेत," बायको म्हणाली.

जेवताना त्यांनी मुद्दाम एक विनोद टाकून पाहिला. गालाला हात, 'उं'. म्हणजे दात अजून दुखतायत. मग मघाचं ते हसणं कोणासाठी होतं? संसार हातचा चाललाय आणि आपल्याला नुसते पुरावे जमवता येतायत, या विचाराने त्यांनी ताट बाजूला सारलं.

शनिवारी "जरा जाऊन येते" म्हणून ती निघाली, तसे तेही मागोमाग निघाले. ती एका इमारतीत शिरली, पहिला मजला चढली. थोडं थांबून त्यांनी दार ढकललं. बायको खुर्चीत मागे रेललेली आणि तिच्यावर एक तरुण वाकलेला.

"हात वर करा," तपासनीस म्हणाले.

त्याने छोटा आरसा धरलेला हात वर केला. "तुम्ही यांचे मिस्टर का? बसा ना. नुसती तपासणी आहे, ट्रीटमेंट कधीच संपली. आता थंड, गरम, काहीही खाऊ देत. भूक लागते, झोप लागते, चारचौघांत हसता येतं. माणसाचं जगणंच सुधारतं हो."

तपासनीस मटकन स्टुलावर बसले. जीव भांड्यात पडला होता, डोळे भरून आले होते. त्या आनंदात त्यांनी तिथल्या तिथे आपला सगळ्यात हुकमी विनोद सांगून टाकला.

डॉक्टरांनी दिवा बंद केला. बायकोने चूळ भरली, तोंड पुसलं.

"पण मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर रोज हसावं लागलं असतं."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, जेवणाचं कसं काय?

"फार छान जातं आता," ती म्हणाली, "हे गप्प बसतात."