भूगोलाचा पेपर तळ्यात

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता भूगोलाच्या बाई आपल्याच संगणकापुढे बसल्या आणि आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलोय की काय, असं त्यांना वाटलं. सगळी चित्रं नवी होती. खाली असलेली पट्टी डावीकडे उभी राहिली होती. मधोमध एक निळंशार तळं पसरलं होतं.

हा उद्योग धाकट्या नणंदेचा. ती संगणकाच्या कंपनीत होती. "वहिनी, तुमची जुनी सिस्टीम म्हातारी झालीय. ही बघा, कशी लख्ख आहे," असं म्हणून तिने कालच नवी सिस्टीम घातली आणि आज पहाटेच्या विमानाने ती निघून गेली. आता फोन बंद.

आणि अकरा वाजेपर्यंत सहामाहीचा पेपर मुख्याध्यापिकाबाईंना पोचायला हवा होता. मागच्या परीक्षेला बाईंना उशीर झाला, तेव्हा मुख्याध्यापिकाबाई सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी भूगोल दुसऱ्या कुणाकडे देऊ."

बघता बघता पडद्याला कुलूप लागलं आणि पहिलं विघ्न आलं ते पासवर्डचं. बाईंनी तो सहा वेळा घातला, सहाही वेळा चूक.

"अहो, मला माझाच पासवर्ड येत नाहीये!"

यजमान घड्याळं दुरुस्त करत. डोळ्यावरचं भिंग काढून ते आले आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. "कोपऱ्यात 'म' दिसतोय. तू मराठीत टाइप करत असशील."

"मला कसं कळणार? नुसते ठिपके तर दिसतायत!"

'म' बदलला आणि दार उघडलं. यजमान विजयी मुद्रेने परत घड्याळांकडे गेले.

बाईंनी झपाझप सात प्रश्न लिहिले. 'ज्वालामुखी'मधला 'ज्वा' काही केल्या उमटेना, म्हणून त्यांनी वैतागून तीन-चार कळा एकदम दाबल्या. पडदा सर्रकन सरकला आणि पेपर गेला. राहिलं फक्त तळं.

"अहो, पेपर गेला!"

"कुठे?"

"तळ्यात!"

यजमान धावत आले. त्यांनी पडद्याच्या चारही कडा तपासल्या, संगणकाच्या मागे वाकून पाहिलं. "मागे तर काही पडलं नाहीये," असं ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की बाईंना हसावं की रडावं कळेना.

सव्वादहा झाले होते. शोधत बसण्यापेक्षा पुन्हा लिहिलेलं बरं. पण मघाचे प्रश्न आठवेनात, म्हणून बाईंनी दुसरेच लिहिले. सातव्या प्रश्नाला पुन्हा जोडाक्षर अडलं, पुन्हा बोटं भलतीकडे पडली आणि पुन्हा तळं हजर.

"तू कशाला हात लावतेस?" यजमान म्हणाले.

"हात न लावता कसं टाइप करू? तुम्ही करून दाखवा!"

तिसऱ्या वेळी यजमान शेजारी खुर्ची टाकून बसले आणि बाईंचा डावा हात धरून राहिले. बाईंनी उजव्या हाताच्या एका बोटाने पेपर लिहिला. मनातली चीड त्यात उतरलीच: 'पाणी डोळ्यांदेखत नाहीसे होते. कारणे द्या.'

अकराला दहा कमी असताना नणंदेचा फोन आला. विमान उतरलं होतं.

"अहो वहिनी, काही गेलेलं नाही! या सिस्टीममध्ये एका पडद्यामागे चार टेबलं असतात. तुम्ही एकावरून दुसऱ्यावर गेलात, एवढंच. कंट्रोल, आल्ट आणि बाण दाबा बरं."

बाईंनी दाबलं. दुसरा पेपर आला. पुन्हा दाबलं. पहिला आला. मेलेली माणसं जेवायला परत यावीत तसे दोघं बघत राहिले.

नणंदेने सांगितल्याप्रमाणे बाईंनी अडलेली जोडाक्षरं पुरी केली आणि तिन्ही पेपर नावं देऊन ठेवले. मग ईमेल उघडून त्यांनी शेवटचा जोडायला घेतला. पण जुन्या सवयीने दोनदा टिचकी मारली, पडद्यावर तिन्ही नावं एकदम निळी झाली, घाईत 'पाठवा' दाबलं गेलं आणि 'पाठवला' अशी अक्षरं आली. बाईंनी नीट पाहिलं. तिन्ही गेले होते.

"आता संपलं," बाई म्हणाल्या. "भूगोल गेला माझ्या हातून."

अकरा वाजून पाच मिनिटांनी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. बाई उभ्या राहूनच बोलल्या.

"बाई, तीन पेपर?"

"मॅडम, ते असं झालं, की..."

"अहो, मी किती वर्षं कानीकपाळी ओरडतेय, शेजारी बसलेल्या मुलांना वेगवेगळे संच द्या म्हणून! एकानं ऐकलं नाही. तुम्ही न सांगता तीन केलेत. आणि वेळेत! कसं जमवलंत?"

"नवी सिस्टीम घातलीय," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

मग मॅडम बरंच काही बोलल्या. बाई "हो... हो... बरं" म्हणत राहिल्या आणि फोन ठेवून खुर्चीत बसल्या.

"फार रागावल्या का गं?" यजमानांनी विचारलं.

"नाही. शाळेतल्या सगळ्या संगणकांवर हीच सिस्टीम घालणार आहेत. सोमवारी मी सगळ्या शिक्षकांना शिकवायचंय."

"काय शिकवणार?"

बाई तळ्याकडे बघत म्हणाल्या, "तेच मला कुणीतरी सांगा."