शेंडेचोर

इंदापुरात चोऱ्या कमी होतात याचं श्रेय रविंद्रराव बिनदिक्कत स्वतःकडे घेत. "मी हाय म्हणून चोरटे बारामतीकडं वळत्यात," असं ते सांगत, आणि समोर चहाला बारामतीचे पाहुणे बसलेले असले तरी सांगत. एसटीत तिकीट तपासण्यात हयात गेल्यामुळे नजर अशी तयार झाली होती म्हणे, की बसच्या आधी त्यांना तिच्यातला फुकट्या दिसायचा. निवृत्तीनंतर या नजरेला काम उरलं नव्हतं. त्यांची बायको करुणाबाई तिला रोज तांदूळ निवडायला बसवीत.

त्र्याण्णव सालच्या भाद्रपदात मात्र शेजारच्या विजयमालाबाई रडवेल्या होऊन आल्या. त्यांनी नर्सरीतून आणलेलं कोलियसचं शोभेचं रोप ओट्यावर लावलं होतं. किरमिजी पान, त्याला पोपटी कड. सकाळचं कोवळं ऊन दाखवायचं, दुपारी गोणपाटाची सावली धरायची, असं तान्ह्या पोरासारखं जपलेलं. आणि कुणीतरी त्याचे शेंडे खुडून नेत होतं.

"यशोदावर संशय येतोय," त्या म्हणाल्या. "भिंतीला भिंत तिचीच. पण दादा, तसं निघालं तर मला घास जायचा न्हाय."

दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलेल्या. विरजणाची वाटी रोज भिंतीवरून जायची, ती आता बंद झाली होती.

रविंद्ररावांनी वर्तमानपत्र वाचायचं भिंग काढलं. पहिला संशय गल्लीतल्या गेणबाच्या शेळीवर. त्यांनी शेळीच्या तोंडाचा वास घेतला, शेळीने त्यांच्या सदऱ्याची बाही चाखली, आणि दोन्ही पक्षांना काही हाती लागलं नाही. मग हे काम पुण्याच्या टोळीचं, असा तर्क निघाला. पुण्याच्या गाडीत बसून ते लोकांच्या पिशव्या हुंगत निघाले. एकीत मेथी सापडली. मेथीच्या मालकिणीने त्यांना भिगवणला उतरवलं.

शेवटी त्यांनी आपलं हातखंडा अस्त्र काढलं. भिंग डोळ्याला लावून गल्लीभर फिरले आणि ओट्याओट्यावरच्या बाईकडे रोखून पाहिलं. सरुबाई आभाळाकडे बघू लागल्या. बानूबाई घरात शिरल्या. बाकीच्यांना एकदमच पदर नीट करायची आठवण झाली. एकट्या यशोदाबाई सरळ बघत म्हणाल्या, "या दादा, च्या टाकते."

"सराईत हाय," रविंद्ररावांनी घरी येऊन निकाल दिला. "पापणी लवली न्हाय. उद्या विजयमालाबाईंना सांगून मोकळा होतो."

करुणाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. उद्या एक जुनी मैत्री मोडणार होती, आणि ती मोडायला आपला नवरा इस्त्रीचा सदरा घालून जाणार होता. त्यांना त्याचा राग आला आणि लाजही वाटली.

"अहो, तपासनीस गाडीत चढला की खिडकीबाहेर कोण बघतं?"

"बिनतिकिटाचा."

"मग आज गल्लीत तोंड कुणीकुणी फिरवलं?"

रविंद्रराव बोटांवर मोजू लागले. बोटं संपली.

"मागून आणलेलं रोप लागत न्हाय, चोरून आणलेलंच लागतं," करुणाबाई म्हणाल्या. "साऱ्या गल्लीनं शेंडे नेलेत. घराघरात डब्यातनं कोलियस लागलंय. यशोदाच्या घरी तेवढं न्हाय."

"आणि आपल्याकडं?"

"तुमी रोज सकाळी चूळ कशावर टाकता?"

मोरीशेजारच्या डब्यात किरमिजी पानं तरारून आली होती. रविंद्ररावांनी ती भिंगातून पाहिली, मग बिनभिंगाची पाहिली, आणि तांदळाचं सूप पुढे ओढलं.

करुणाबाई तशाच पिठाच्या हातांनी विजयमालाबाईंकडे गेल्या. आधी आपली चोरी सांगितली, मग गल्लीची. "झाडाचं काय वाईट झालं गं? एक शेंडा खुडला की तितं दोन फुटत्यात. नुसती काडी होती, आता टोपलीएवढं झालंय बघ."

विजयमालाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी भिंतीवरून हाक मारली. यशोदाबाई आल्या, पण ओट्याच्या पायरीशीच थांबल्या.

"सगळ्यांनी नेलं. तू का न्हाय नेलंस?"

"तुझं कसं चोरू?"

 विजयमालाबाईंनी घाईने शेंड्याला हात घातला, तर यशोदाबाईंनी पुढे होऊन मनगट धरलं. "दिलेलं लागायचं न्हाय."

हेही खरंच होतं. विजयमालाबाई क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे पदराने झाकून घेतले.

पाठीमागे टचकन आवाज झाला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"थांब जरा," यशोदाबाई म्हणाल्या. "आणखी एक घेते."