अनंतरावांनी पॉवर सप्लाय उघडला

ते साल २०१६ होतं की २०१७, याबद्दल अनंतरावांची बरीच वर्षं खात्री नव्हती. (दसरा नुकताच झाला होता, हे मात्र ते शपथेवर सांगत, पण त्यांनी शपथेवर सांगितलेल्या गोष्टीही पूर्वी चुकलेल्या आहेत.) सांगलीच्या त्यांच्या घरातला कॉम्प्युटर सुरू होईना.

"भाऊसोंना बोलवा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

हे वाक्य अनंतराव वीस वर्षं ऐकत होते. मिक्सर अडला, भाऊसो. गिझर रुसला, भाऊसो. शेजारचे भाऊसो मूळचे आटपाडीचे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. हातात पक्कड आली की त्यांना जग सोपं वाटे. अनंतरावांनी डॉक्टरेट मिळवून कॉलेजात चौतीस वर्षं वीज शिकवली होती, पण घरचा फ्यूज कधी बदलला नव्हता. (फळ्यावर हजारदा बदलला होता.) एकदा तरी या घरातली एखादी वस्तू आपल्या हातून चालू व्हावी, एवढीच त्यांची म्हातारपणची इच्छा होती.

"मी बघतो," ते म्हणाले. प्रमोदिनीबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

कुंपणावरून भाऊसोंची मान वर आली. "आवं सर, बटनं समदी बघितली न्हवं?"

"तिन्ही बघितली. भिंतीवरचं, एक्स्टेन्शनचं आणि पुढचं."

"मंग पावर सप्लाय गेला आसंल. येऊ का?"

"नको!"

त्यांनी वायर काढली आणि दोन दिवस थांबले. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतात. हा प्रश्न त्यांनीच अनेकदा परीक्षेत घातला होता. तिसऱ्या दिवशी रबरी चपला घालून, एक हात खिशात खुपसून ते कामाला बसले. प्रयोगशाळेचा जुना नियमच तो: दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो. एका हाताने चार स्क्रू काढायला पाऊण तास लागला.

"दुसरा हात लावा की."

"तो तुझ्या कुंकवासाठी राखून ठेवलाय."

पॉवर सप्लायची पत्र्याची पेटी उघडली आणि अनंतराव हरखूनच गेले. "हा बघ ट्रान्सफॉर्मर! ही तांब्याची कॉईल. हे ॲल्युमिनियमचे पंख आतली उष्णता बाहेर टाकतात. आणि हे दोन कपॅसिटर म्हणजे आपली गच्चीवरची टाकी. नळ गेला तरी पाणी असतंच. चौतीस वर्षं यांची चित्रं काढली गं, भेट आज होतेय!"

"विचारा, बरे आहेत का."

तेवढ्यात त्यांना फॅनच्या पात्यात काहीतरी दिसलं. झेंडूची एक पाकळी आणि तीन अक्षता! खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा त्यांनीच केली होती, तीही सढळ हाताने.

"सापडलं!" ते ओरडले. भाऊसो कुंपण ओलांडूनच आत आले. "शॉक बसला व्हय?"

पाकळी चिमट्याने निघाली. पेटी मिटली, सगळं जागच्या जागी बसलं. अनंतरावांनी देवाचं नाव घेऊन दिसतील तेवढी बटणं पटापट दाबली. कॉम्प्युटर गुणगुणू लागला.

"लय भारी, सर!" भाऊसोंनी कडक सॅल्यूट ठोकला. अनंतरावांनी तो (खिशातला हात काढून) स्वीकारला. प्रमोदिनीबाईंनी संध्याकाळी बासुंदी आटवली आणि वाईच्या बहिणीला फोन करून, "ह्यांनी स्वतः उघडून केला," असं दोनदा सांगितलं. पाकळी काचेच्या बाटलीत बसून शोकेसमध्ये गेली. पुढे दरवर्षी खंडेनवमीच्या आधी अनंतराव कॉलनीत सांगत फिरत, की यंत्रांची पूजा जरूर करा, पण लांबून.

यंदा जुन्या डायऱ्या आवरताना, निदान साल तरी पक्कं करावं म्हणून त्यांनी पानं चाळली. नोंद सापडली. त्यांच्याच सुवाच्य अक्षरात:

'खंडेनवमी. कॉम्प्युटरची पूजा केली. आज यंत्राला विश्रांती. कुणी चुकून लावू नये म्हणून पाठीमागचे चौथे बटण बंद केले.'

अनंतरावांनी डायरी मिटली आणि शोकेसमधली बाटली जरा मागे सरकवली.

"मिळालं का साल?" आतून आवाज आला.

"मिळालं. २०१७."

"आणि चौथं बटण? ते मला बासुंदी आटवतानाच आठवलं होतं."