चादरीवरचे आभार

प्रोजेक्टर खोक्यातून बाहेर निघाला तेव्हा चष्मेवाल्यांना आधी वाटलं, लेकीने चुकून साबणाची डबी पाठवली. पांढरा, गुळगुळीत, तळहातावर मावेल एवढा. पुढच्या बाजूला एक भिंग होतं म्हणून तरी ओळख पटली. भिंग दिसलं की चष्मेवाल्यांना धीर येई. चाळीस वर्षं त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं होतं आणि जगातल्या बहुतेक अडचणी नंबर बरोबर काढला की सुटतात, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

आजची अडचण मात्र नंबराची नव्हती. आज ताईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि त्यांना तिचे आभार मानायचे होते. वडील गेले तेव्हा घरात आई, सोळाची ताई आणि नऊ वर्षांचे हे. तिने शाळा सोडली आणि छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला लागली. यांना शाळेत पाठवलं, मग चष्म्याचं काम शिकायला पाठवलं. हे सगळं चष्मेवाल्यांना रोज आठवायचं. पण ताई समोर आली की त्यांची वाचाच बसे. तिच्या साठाव्या वाढदिवसाला त्यांनी मनाचा हिय्या करून तोंड उघडलं होतं, आणि बाहेर पडलं ते एवढंच, "चष्मा मऊ कापडानेच पुसतेस ना?"

म्हणून या खेपेला त्यांनी बंदोबस्त केला होता. जुने फोटो एकामागून एक चादरीवर येतील आणि शेवटी आभाराचा मजकूर मोठ्या अक्षरांत. तो मजकूर फक्त लिहायचा राहिला होता. ताई पाचला येणार होती आणि आत्ता अडीच वाजले होते.

दारावरची बेल वाजली. दारात ताई उभी होती.

"अगं, पाचला सांगितलं होतं ना?"

"घरी बसून काय करू? तुझे भावोजी दुपारचे झोपलेत, घोरणं ऐकत बसण्यापेक्षा आले इकडे. ते येतील तुझ्या लेकीबरोबर." छापखान्यात एकतीस वर्षं ताई सगळ्यांच्या आधी हजर असायची. ती खोड निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती.

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण प्रसंगी डोकं चालतंच. बाहेरची खोली आणि मधली खोली यांच्यामध्ये मोठा रुंद दरवाजा होता. त्यांनी ताईला मधल्या खोलीत आरामखुर्चीत बसवलं, खिडक्या लावून घेतल्या, आणि दरवाजात या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी चादर ताणून बांधली.

"हे काय रे धाकट्या?"

"काम चाललंय. पाच वाजेपर्यंत इकडे यायचं नाही."

"बरं," ताई म्हणाली. "नाहीतरी डोळा लागेलच माझा."

चष्मेवाले बायकोला हळूच म्हणाले, "बघितलंस? चादर एक, कामं दोन. पडदाही झाला आणि आडोसाही."

"वन्संना अंधारात कोंडून ठेवलंत, वाढदिवसाच्या दिवशी," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

आता कॉम्प्युटर. तो दुकानातून आणला होता, जुना आणि जडशीळ. प्रोजेक्टरबरोबर आलेली केबल त्याला मागून बसेना, बाजूने बसेना. सवयीने चष्मेवाल्यांनी ती जरा घासून बघावी का, असाही विचार केला. शेवटी त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, ती चार्जिंगची आहे. खोक्याच्या तळाशी दुसरी असेल, जाड. पुठ्ठा उचला."

पुठ्ठ्याखाली जाड केबल होती. ती बसली. प्रोजेक्टरचा दिवा लागला आणि चादरीवर अक्षरं उमटली, 'सिग्नल नाही.'

"सिग्नल नाही म्हणतोय. गच्चीवर नेऊ का?"

"गच्चीवर नाही, बाबा. रिमोटवर सोर्स नावाचं बटण आहे. ते दाबा आणि केबलचं नाव निवडा."

ते झालं आणि चादरीवर एक हिरवी टेकडी आली, निळं आभाळ आलं आणि बाकी काही नाही. कॉम्प्युटरवर ताईचे फोटो होते आणि चादरीवर टेकडी. चष्मेवाल्यांनी पाच मिनिटं वाट पाहिली. टेकडी हलली नाही.

"माझे फोटो कुठे गेले गं? हे कुणाच्या तरी सहलीचं दाखवतंय."

"तो एक्स्टेंडवर गेलाय. म्हणजे त्याला वाटतंय तुमच्याकडे दोन वेगवेगळे पडदे आहेत. खिडकीचं चित्र असलेलं बटण धरून पी दाबा. त्यातलं डुप्लिकेट निवडा. मग कॉम्प्युटरवर जे असेल ते सगळं चादरीवर दिसेल. आणि बाबा, मी आता निघतेय, मामांना घ्यायचंय."

लेक आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणायची. डुप्लिकेट निवडल्याबरोबर चादरीवर ताई आली, छापखान्याच्या दारात उभी, दोन वेण्या घातलेली. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. पण चित्र धूसर होतं. काचेवर वाफ धरावी तसं.

इथे मात्र लेकीला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. धूसर दिसणं हा त्यांचा प्रांत होता. त्यांनी भिंगाभोवतीची कडी फिरवली. बऱ्यापैकी जमलं, पण धुकं काही हटेना. मग दुकानातली नंबर तपासायच्या भिंगांची पेटी काढली आणि एकेक भिंग कपड्याच्या चिमट्यात धरून प्रोजेक्टरपुढे उभं केलं. बायकोला हाक मारून चादरीसमोर बसवलं.

"हे स्पष्ट की हे?"

"सारखंच."

"नीट बघ. पहिलं की दुसरं?"

"अहो, दोन्ही सारखंच दिसतंय. दूध उतू जाईल."

"तुझाच नंबर बदललाय," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी तिचा डावा डोळा झाकून पाहिला, उजवा झाकून पाहिला, आणि तिचा नंबर पावाने वाढल्याचं निदान केलं. धुकं होतं तिथेच राहिलं. शेवटी 'मोठी अक्षरं तर वाचता येतात' अशी मनाची समजूत घालून ते मजकूर लिहायला बसले. साडेतीन वाजून गेले होते.

पहिला मजकूर त्यांनी झरझर लिहिला. 'आदरणीय ताई, आपल्या बहुमोल योगदानाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.' वाचून बघितलं. हे बँकेने पाठवल्यासारखं वाटलं. खोडलं.

दुसऱ्यात त्यांनी ताईला दीपस्तंभ म्हटलं, मग वटवृक्ष म्हटलं, मग दोन्ही एका वाक्यात मावेनात. खोडलं.

तिसरा लिहिताना त्यांनी विचार केलाच नाही. बोटं आपोआप चालली. 'ताई, मी एकोणीस वर्षांचा असताना पहिला चष्मा तुझ्यासाठी केला. मी उजवं भिंग डावीकडे बसवलं आणि डावं उजवीकडे. ते मला दीड वर्षाने कळलं, तू नवीन नंबर काढायला आलीस तेव्हा. तोपर्यंत मी रोज संध्याकाळी विचारायचो, दिसतं ना? आणि तू रोज म्हणायचीस, स्पष्ट. ताई, तू का नाही सांगितलंस?'

लिहून झाल्यावर चष्मेवाल्यांनी ते दोनदा वाचलं. ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती. चाळीस वर्षं शहाण्यासारखं दुकान चालवलेल्या माणसाने हे चारचौघांत चादरीवर दाखवायचं? त्यांनी एकेक अक्षर करत सगळं पुसलं.

चौथा, पाचवा, सहावा आले तसे गेले. साडेचारला नाइलाजाने त्यांनी पहिलाच मजकूर पुन्हा टाइप केला, बहुमोलचं अमूल्य केलं आणि वर एक फुलाचं चित्र लावलं. चादरीपलीकडे शांतता होती. ताईला झोप लागली असणार, या विचाराने त्यांना बरं वाटलं.

पाचला लेक आली. तिच्यामागून भावोजी आले. ते त्याच छापखान्यात फोरमन होते. ऐंशी पार केली होती, तरी खोलीत शिरताच कुठे काय वाकडं आहे ते बघायची नजर कायम होती. "चादर डावीकडे उतरलीय," ते म्हणाले आणि बसले. ताईला बाहेर आणून मधल्या खुर्चीत बसवलं. चष्मेवाल्यांनी घसा साफ केला आणि बटण दाबलं.

फोटो छान चालले. धूसर का होईना, पण चालले. ताई प्रत्येक फोटोला माणसांची नावं सांगत होती. छापखान्याचा निरोपसमारंभ आला, त्यानंतर शेवटची स्लाइड. चष्मेवाल्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि प्रोजेक्टर पटकन विझला. डबी चटके बसतील इतकी तापली होती. अडीच तास ती सतत चालू होती.

"गार व्हायला दहा मिनिटं लागतील, बाबा," लेक म्हणाली. "तोवर तुम्हीच सांगा ना, शेवटी काय होतं ते."

चार माणसं त्यांच्याकडे बघत होती. चष्मेवाल्यांची पाचावर धारण बसली. ते उभे राहिले, खाली बसले, पुन्हा उभे राहिले. "ताई," ते म्हणाले. "ताई, तू… चष्मा…"

"मऊ कापडानेच पुसते," ताई म्हणाली. "बस खाली. मी वाचलंय सगळं."

"कधी?"

"तू लिहीत होतास तेव्हा. चादर ती, भिंत थोडीच आहे? तुझा उजेड सरळ माझ्याकडे येत होता."

जन्मभर प्रकाशावर पोट भरलेल्या माणसाने कपाळावर हात मारला. तरी एक आशा होती. "पण पलीकडून अक्षरं उलटी दिसतात."

"एकतीस वर्षं उलट्या अक्षरांचेच खिळे वाचलेत मी. सुलटी वाचायलाच वेळ लागतो मला." ताईने पदर सारखा केला. "सहा मजकूर लिहिलेस. पहिल्यात मला बँकेचं पत्र आलं. दुसऱ्यात मी झाड झाले. तिसरा चांगला होता. तो का पुसलास?"

"तिसऱ्यात काय होतं?" लेकीने विचारलं.

ताईने तिसरा मजकूर शब्दाला शब्द म्हणून दाखवला. चष्मेवाले जमिनीकडे बघत होते.

"दुसऱ्याच दिवशी कळलं होतं मला," ताई म्हणाली. "दोन्ही डोळे उघडे ठेवले की एका खिळ्याचे दोन दिसायचे. पण तू पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काही बनवलं होतंस. संध्याकाळी दारात उभा राहून विचारायचास, तेव्हा तुझं तोंड असं असायचं की… कसं सांगणार? मी एक डोळा मिटून खिळे जुळवायचे. जमायचं."

"दीड वर्ष?"

"दीड वर्ष. पेटीतला खिळा बघायचा, डोळा मिटायचा. मजकूर बघायला मान वर करायची, डोळा मिटायचा. समोरच फोरमनचं टेबल होतं."

भावोजी ताठ बसले.

"थांब," ते म्हणाले. "तो डोळा…"

"हो."

"तो तू मला मारत नव्हतीस?"

"मी मजकूर वाचत होते."

"अगं, मी पंधरा दिवस झोपलो नव्हतो. मग धीर करून तुझ्या आईकडे आलो." भावोजींनी मेहुण्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार आपला, तो याने भिंग उलटं बसवलं म्हणून?"

"पहिले पंधरा दिवस भिंगामुळे," ताई म्हणाली.

"आणि नंतर?"

"नंतर मी तुमच्याकडे बघताना चष्मा काढून ठेवायचे."

लेक हसता हसता खाली बसली. भावोजी काठी टेकत उठले, चष्मेवाल्यांसमोर आले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "मेहुणेबुवा, आभार तुमचे मानायला हवेत," ते म्हणाले. "असं काम पुन्हा करू नका, पण आभारी आहे."

"मीही," ताई म्हणाली. "मला कधी बोलता आलं नाही, एवढंच."

प्रोजेक्टर गार झाला होता. ताईने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि नखाने भिंगाची कड खरवडली. पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकची एक चकती सुटून तिच्या बोटाला चिकटली. नव्या वस्तूवर ओरखडे येऊ नयेत म्हणून लावतात तशी. चष्मेवाले रोज दुकानात नव्या भिंगांवरून तसल्या दहा चकत्या काढत आले होते.

"नंबर माझा बदलला होता, नाही का?" बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांनी कॉम्प्युटरवरचं फूल काढलं, अमूल्य योगदान काढलं आणि तिसरा मजकूर पुन्हा लिहायला घेतला. ताई मागून सांगत होती, ते टाइप करत होते. शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःच बदललं. 'तू का नाही सांगितलंस' पुसून तिथे लिहिलं, 'तू सांगितलं नाहीस, म्हणून मी चष्मेवाला झालो. ताई, तुझे फार उपकार आहेत.' प्रोजेक्टर लागला आणि सगळी अक्षरं चादरीवर लख्ख उमटली.

ते मागे वळले. पन्नास वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं, "दिसतंय ना, ताई?"

"स्पष्ट," ताई म्हणाली. तिचा चष्मा तिच्या मांडीवर होता आणि पदराने ती डोळे पुसत होती.