डिझेल लाइनीवरचे ज्ञानोबाभाऊ

ज्ञानोबाभाऊ कड कुणालाही ‘कसा आहेस’ असं विचारत नसत. ते थेट त्याच्या मोटारसायकलपाशी जात, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावत, मूठ कानाशी धरत आणि निकाल देत, “चेन सैल झालीय. बाकी तू बरा दिसतोस.”

चाकणच्या आमच्या कारखान्यात ते डिझेल इंजिनं तपासायचे. मी लातूरहून नोकरीला आलो, तेव्हा मला त्यांच्याच हाताखाली दिलं. समोर इतके मीटर असायचे, पण भाऊ त्यांच्याकडे पाठ करून उभे. “मीटर मागनं बघ. आदी इंजिनाचं ऐकून घे,” म्हणायचे. जेवताना बाहेरून ट्रक गेला की घास हातातच राहायचा. “तिसऱ्या सिलिंडरला तरास हाय बिचाऱ्याच्या.” मग जेवण पुढे चालू.

त्या धडधडाटात ओरडूनच बोलावं लागे. घरीही मी तसाच ओरडायचो, बायको वैतागायची. आज तो गोंगाटसुद्धा हवासा वाटतो.

मग एकदा साहेबांनी आम्हाला कँटीनमध्ये बसवून सांगितलं, की प्रदूषणाचे नियम कडक झाल्यामुळे डिझेल इंजिन महाग पडतंय. विजेच्या गाडीला सरकारची सवलत आहे, गिऱ्हाईक तिकडे वळलंय. आपली लाइन बंद होणार.

आम्ही भाऊंना पुढे ढकललं. वाटलं, आता हा माणूस भांडणार.

भाऊ उठले. “धूर थांबायलाच पायजे, साहेब. त्याला आमची ना न्हाई. पण सवलत गाडी घेणाऱ्याला. ती बनवायला आमाला शिकवणार कोण?”

साहेबांनी ‘वर विचारतो’ म्हणून मिटिंग आवरली. महिन्याभराने मात्र अख्ख्या लाइनीसाठी बॅटरीचं प्रशिक्षण सुरू झालं. पहिल्या बाकावर भाऊ, आणि पहिल्या परीक्षेत नापासही भाऊच. “काय करू राव, बॅटरी बोलतच न्हाई.” दुसऱ्या खेपेला पास झाले.

तरी ते ‘थांबायलाच पायजे’ आम्हा सगळ्यांना लागलं होतं. एका रविवारी मी जाब विचारायलाच त्यांच्या घरी गेलो. घर ट्रकच्या रस्त्याला लागून, सगळा धूर पुढच्या खोलीत. भाऊ एकटेच वहिनींची कॉट पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत ओढत होते. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, दम लागलेला.

“तीस वरसं डिझेलवरच घर चाललं आपलं,” खोकत खोकत त्या म्हणाल्या, “अन् तुमी भर मिटिंगीत त्यालाच नावं ठिवली.”

“नावं न्हाई ठिवली गं,” भाऊ म्हणाले. त्यांनी कोमट पाण्याचा कप आणला आणि खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत तो धरून तिथेच बसून राहिले.

भाऊ पुन्हा कॉटकडे वळले, तशी मी कॉटची दुसरी बाजू उचलली.