तळ्यातले भूमिपूजन

श्रीजलदेवता प्रसन्न असो, लिहिणाराचा हात कोरडा राहो. शके १९१४, अंगिरा नाम संवत्सर. थोर शहराच्या उशाशी एक लहान नगर होते, ते आधी गाव होते, मग ग्रामपंचायत जाहली, आणि मग बिल्डर मंडळींची पायधूळ झडोन नगरपालिका जाहली. नगराच्या मध्ये तळे. तळ्यात तान्हूबाई भोईण शिंगाडे लावीत असे, तिची सासू लावीत असे, सासूची सासूही. मग राजधानीतून मोजणीदार स्वारी करोन आले, ते भर वैशाखात आले, आणि तेव्हा तळे आटले होते आणि तळात क्रिकेट चालले होते, म्हणोन त्यांनी नकाशात ‘खेळाचे मैदान’ लिहिले, आणि मध्यभागी तांबडा ठिपका दिला, आणि नकाशावर मोहर उठली. मग पावसाळ्यात तळे काठोकाठ भरले, आणि आश्विनात मैदान करावयास मुरुमाचे दहा डंपर काठावर येऊन उभे राहिले. नगर अभियंता पालवे नगराध्यक्ष रंभाजीरावांस विनविते जाहले, “साहेब, तिथे पाणी आहे.” अध्यक्ष म्हणाले, “नकाशात आहे?” “नाही.” “मग तुम्हाला दिसते कसे?” पालव्यांनी चष्मा पुसला. मग तान्हूबाई पालिकेत आली आणि म्हणाली, “दादा, मुरूम पडला की माझं पोट बुजलं. मैदानात शिंगाडे कसे उगवले, तेवढं तरी लिवा.” कोणी लिहिले नाही.

परंतु या राज्याची एक रीत होती. ठिपक्यावर अध्यक्षांची पहिली कुदळ पडल्यावाचून एकही डंपर रिता होत नसे. विजयादशमीचा मुहूर्त धरिला. ठिपक्यापर्यंत वाट नव्हती, आणि होडी एकच, ती तान्हूबाईची. मग अध्यक्ष फेटा बांधोन, कुदळ मांडीवर घेऊन होडीत विराजमान जाहले, आणि जिचे तळे बुजवावयाचे तीच वल्हे मारू लागली. “बाई, हलवू नका.” “मी कुठं हलवते, दादा? तुमचं मैदानच हलतंय.” काठावर बँड वाजत होता, मग दुरून वाजू लागला, मग थांबला. शिंगाड्याची पाने बाजूस सरत होती आणि मागे पुन्हा मिळत होती. मग बाई म्हणाली, “हा तुमचा ठिपका. मारा.” अध्यक्षांनी बसल्या बसल्या कुदळ उचलोन मारिली, आणि ती हातातून सुटोन पाण्यात

(येथे पान भिजले आहे. दोन ओळी गेल्या.)

काठावरून पालवे ओरडले, “साहेब, लागली का जमीन?” अध्यक्ष पाण्याकडे पाहात होते. पाण्यात त्यांचा फेटा होता आणि फेट्यावरून ढग जात होते. बाईने शिंगाडा सोलोन पुढे केला. त्यांनी खाल्ला, आणि म्हणाले, “दुसरा द्या.” मग काठाकडे तोंड करोन म्हणाले, “नाही लागली!” “मग काय लिहू?” “लिहा, भूमिपूजन चालू आहे.”

डंपर पंधरवडाभर उभे राहिले, आणि मग निघोन गेले. त्या सालापासून तळे वैशाखातही आटले नाही. त्यानंतर चार अध्यक्ष जाहले, आणि दर दसऱ्यास जो असेल तो होडीत बसतो आणि शिंगाडे खाऊन परत येतो. आता तान्हूबाईची सून वल्हे मारते. नकाशात मैदान आहे, तळ्यात तळे आहे.

इतकी या नगराच्या कारभाराची हकीकत. ती कुदळ अद्याप खालीच जात आहे, असे काठचे लोक सांगतात. पालवे निवृत्त जाहले, तरी सायंकाळी येऊन बसतात, आणि टेकल्याचा आवाज येतो का, म्हणोन कान देतात.